होडीतली दुसरी जागा

काकांना होडीत बसायचं होतं, बाकी काही नाही. बंगला नको होता, परदेशवारी नको होती, सत्कार तर झालेला होता. दर रविवारी पहाटे काकू मोठ्या तळ्यावर मासे धरायला जायच्या. त्या होडीत दोन जागा होत्या आणि त्यातली एक काकांना हवी होती. ती मिळत नव्हती, कारण तिथे सिस्टर बसायच्या.

सिस्टर म्हणजे शेजारच्या घरातल्या निवृत्त नर्स. होडी त्यांची, वल्ही काकूंची आणि रविवार दोघींचा. हे कित्येक वर्षं असंच चाललं होतं आणि काकांनी कधी हरकत घेतली नव्हती, कारण रविवारी काका घरी असायचेच कुठे? काका बसस्थानकावर निवेदक होते. अमुक गावाला जाणारी गाडी तमुक फलाटावर लागली आहे, हे सांगणारा जो आवाज असतो ना, तो आवाज म्हणजे काका. रविवारी गर्दी जास्त, म्हणून काकांची सुट्टी नोकरीला लागल्यापासून मंगळवारी. मंगळवारी काकू शाळेच्या वाचनालयात कामाला. असा हा संसार चालला होता आणि उत्तम चालला होता, असं काकांचं मत होतं. काकूंचं मत काय होतं ते विचारायचं राहून गेलं होतं.

मग काका निवृत्त झाले आणि रोजचे हजारो श्रोते एका दिवसात गेले. उरल्या त्या काकू. काका घरातही सगळं दोनदा सांगायचे, ती कामाची सवय. दूध उतू जातंय, दूध उतू जातंय. ते सांगून होईपर्यंत दूध उतू गेलेलं असायचं, पण निवेदन पूर्ण व्हायचं. गल्लीत लोक त्यांना मागून ‘भोंगा’ म्हणायचे. काकांना ते माहीत होतं आणि ते मनाला लावून घ्यायचे नाहीत. भोंगा निदान वेळेवर वाजतो, असं ते म्हणायचे.

रविवारची सकाळ मात्र त्यांना खायला उठायची. पेपर मोठ्याने वाचायचा, तर ऐकायला कोण? एकदा तर त्यांनी अग्रलेखावरचं आपलं मत फ्रीजला सांगितलं आणि फ्रीज बरोबर त्याच वेळी घुं करून बंद पडला. बायको तळ्यावर आणि आपण हॉलमध्ये तिची वाट बघत बसलोय, ह्यात आपली काहीतरी किंमत कमी होतेय असं त्यांना वाटायचं. ते हे कुणाला सांगत नसत, हा त्यांच्या आयुष्यातला न सांगितलेला एकमेव विषय असावा. पण खरं सांगायचं तर किंमतबिंमत काही नाही. त्यांना तिच्याबरोबर जायचं होतं.

पावसाळ्यानंतरचं कडक ऊन ओसरत आलं आणि सिस्टरांच्या गुडघ्याने काकांना हात दिला. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. म्हणजे पुढचे काही महिने होडी बंद. आता तळं मोठं, पलीकडचा काठ दिसत नाही असं. दुपारी वारा सुटला की लाटा उठतात. म्हणून तळ्याच्या कार्यालयाचा नियम असा की होडीत एकट्याने जायचं नाही. काकूंनी वाचनालयातल्या बाईंना विचारलं, त्यांना पाणी बघूनच गरगरतं. भाचीला विचारलं, ती रविवारी दुपारशिवाय उठत नाही. शेवटी काकूंची नजर स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. तिथे काका सहज उभे होते. ते सकाळपासून तिथे सहज उभे होते.

“तुम्ही याल?” काकू म्हणाल्या.

“मी? बघावं लागेल,” काका म्हणाले. “वेळ काढावा लागेल.”

“एक अट आहे. होडीत बोलायचं नाही.”

“म्हणजे कमी बोलायचं?”

“अजिबात बोलायचं नाही. मासे पळतात.”

काकांनी अट मान्य केली. दोनदा मान्य केली.

दुसऱ्या दिवशी काका परवान्यासाठी तळ्याच्या कार्यालयात गेले. तिथे खिडकीशी एक कारकून होता. तो इतक्या हळू आवाजात बोलायचा की काकांना त्याची व्यावसायिक कीव आली.

“आपण मासेमार की सोबती?” त्याने विचारलं.

“दोन्ही,” काका म्हणाले.

“दोन्ही होता येत नाही. सोबत्याने गळाला हात लावायचा नाही. मासेमाराला सोबती समजता येत नाही.”

“मग मासेमार.”

“त्या होडीवर दोन मासेमारांची नोंद आहे. एक नाव काढल्याशिवाय दुसरं लावता येत नाही.”

“काढा मग. सिस्टर दवाखान्यात आहेत, त्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन आहे.”

“नाव काढायला त्यांना समक्ष यावं लागेल.”

“अहो, गुडघा!”

“गुडघ्यासकट,” कारकून शांतपणे म्हणाला.

काकांनी आवाज चढवला. काकांचा चढलेला आवाज म्हणजे काय, हे त्या कार्यालयाला ठाऊक नव्हतं. मागच्या खोलीतून दोन माणसं चहाचे कप हातात घेऊन बाहेर आली, अंगणातला माळी पाइप सोडून आला आणि रांगेतली एक बाई सवयीने आपली पिशवी उचलून उभी राहिली. शेवटी साहेबांनी स्वतः येऊन मार्ग काढला. तिसरा एक प्रकार होता, शिकाऊ. शिकाऊ माणूस कुठल्याही होडीत बसू शकतो, गळही टाकू शकतो, फक्त प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली. आणि प्रशिक्षकाने लिहून द्यायचं की शिकाऊ आपल्या सांगण्यात आहे.

काकूंनी ते लिहून द्यायला एक पूर्ण संध्याकाळ विचार केला.

हा नियम मुळात शाळकरी मुलांसाठी केलेला. त्यामुळे शिकाऊंना कार्यालयातून जे नारिंगी जॅकेट मिळतं, तेही मुलांच्याच मापाचं. त्यातल्या त्यात मोठं जॅकेट काकांच्या बरगड्यांपर्यंत आलं. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘शिकाऊ’ लिहिलेलं. ते घालून नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावात एकदा तरंगून दाखवायचं होतं. काका तरंगले. जॅकेट तोकडं असल्यामुळे ते डोक्याकडून तरंगले आणि पायाकडून बुडाले, पण शिक्षकाने ‘चालेल’ म्हटलं. तलावाच्या कडेला बसलेल्या एका आजोबांनी, ह्या वयात शिकताय म्हणजे कौतुक आहे, असं म्हटलं. ते काकांपेक्षा लहान असावेत असं काकांना उगीचच वाटत राहिलं.

परवान्याची बातमी गल्लीत पसरली आणि सल्ले सुरू झाले. न्हावी केस कापता कापता म्हणाला, “काका, ह्या दिवसांत वरचं पाणी कोमट झालेलं असतं. मासा काय खुळा आहे वर बसायला? तो जातो तळाला, गारव्याला. गळ थेट तळाला सोडा.”

औषधांच्या दुकानवाल्याने हे खोडून काढलं. “तळाला सोडाल तर बसाल हात चोळत. गरमीच्या दिवसांत तळाचं पाणी हललेलंच नसतं, तिथे मासा गुदमरतो. मधे सोडा. वर नाही, खाली नाही, मधे.”

वरच्या मजल्यावर निवृत्त बँक मॅनेजर राहायचे. त्यांनी दोघांनाही वेड्यात काढलं. “मासा कायम काठाला असतो. लव्हाळ्यात. पहाटे.”

तिघांपैकी एकानेही आयुष्यात गळ टाकलेला नव्हता. मॅनेजर तर मासे खातही नसत. गंमत अशी की तिघांचंही बरोबर होतं, फक्त वेगवेगळ्या दिवसांसाठी बरोबर होतं. पण सल्ला देणारा माणूस कधी दिवस सांगत नाही.

गळ लांब फेकायचा सराव काकांनी गॅलरीतून सुरू केला. खाली अंगणात एक बादली ठेवली आणि ती तळं आहे असं समजायचं ठरवलं. पहिल्या फेकीत गळ बादलीत गेला नाही. दुसऱ्या फेकीत तो वर गेला. मॅनेजरांच्या दोरीवर पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा वाळत होता, तो काकांनी ओढून घेतला. पायजमा नाडीसकट आला. मॅनेजरांनी वरून वाकून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. पायजमा परत करायला काका दोनदा जिना चढले आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून परतले. शेवटी काकू देऊन आल्या.

गप्प बसण्याचा सराव ह्याहून अवघड होता. न्हाव्याने युक्ती सांगितली, तोंडात पाण्याचा घोट धरून ठेवायचा, आपोआप बोलणं बंद. काकांनी ते केलं आणि नेमका कुरियरवाला आला. काका घोट धरून दारात उभे. तो म्हणतोय इथे सही करा, काका गाल फुगवून बघतायत. कुरियरवाल्याचा चेहरा एकदम मऊ झाला. त्याने खुणेने सही दाखवली, खुणेने पेन परत मागितलं आणि जाताना काकांच्या खांद्यावर थोपटलं. तेव्हापासून तो गल्लीत दिसला की दुरूनच हात हलवतो. काकांनी त्याचा गैरसमज अजून दूर केलेला नाही, कारण एवढ्या मायेने त्यांच्याशी दुसरं कुणी वागत नाही.

आणि मग तो रविवार आला. धक्क्यावर तळ्याच्या कार्यालयाची एक पाटी असते, तिच्यावर रोज सकाळी खडूने लिहितात. त्या दिवशी लिहिलं होतं: वरचं पाणी कोमट. वारा नाही. मासे खोल. शक्यता कमी. पाटी बघितल्याबरोबर काकांचा घसा शिवशिवायला लागला. जाहीर सूचना आणि ती कुणी वाचून दाखवत नाही, ही गोष्ट त्यांना सहन होईना. पण त्यांनी ओठ आवळले आणि जॅकेट खाली ओढत होडीत बसले. काकूंनी वल्ही मारायला सुरुवात केली. काकू वल्हवतात कशा, हे काकांनी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. घरात पाण्याची कळशी उचलताना कंबर धरणारी बाई ती हीच का, असं त्यांना वाटलं.

काकू आणि सिस्टर यांची एक जागा होती. वाकड्या झाडाच्या खालच्या अंगाला पूर्वी ओढा होता, तो तळ्याच्या पाण्याखाली गेला, पण त्याचा खोल चर अजून तिथे आहे. उन्हाने सगळं तळं कोमट होतं तेव्हाही त्या चरात गारवा असतो आणि मासे तिथे दाटीवाटीने येतात. ही जागा त्या दोघींखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती. तिथे जाताना त्या आधी उलट दिशेला जायच्या आणि मग फिरून यायच्या, इतकी गुप्तता.

काका अर्धी सकाळ गप्प बसले. ही त्यांच्या आयुष्यातली मोठी कामगिरी होती आणि इथे नोंदवून ठेवायला हवी. पाणी इतकं निवांत की त्यावर चिलट बसलं तरी दिसावं. काकूंचा गळ मधल्या पाण्यात, काकांचा न्हाव्याच्या सांगण्यावरून तळाला. ऊन चढत चाललं. आणि एकदम काकांच्या काठीला धक्का बसला.

ह्यापुढे जे झालं त्याला काकांची जीभ जबाबदार नाही, नोकरी जबाबदार आहे. गाडी आली की सांगायचं, हेच त्यांनी जन्मभर केलं होतं. ते उठून उभे राहिले आणि पोटातून आवाज काढून म्हणाले, “कृपया लक्ष द्या. वाकड्या झाडाखाली मासा लागला आहे. वाकड्या झाडाखाली मासा लागला आहे.”

वारा नसलेल्या पाण्यावर आवाज किती लांब जातो, ह्याची काकांना कल्पना नव्हती. बसस्थानकावर त्याला कर्ण्याची मदत लागायची, इथे तीही लागली नाही. पहिली होडी बेटामागून आली. मग दोन आल्या. मग ज्या होड्या तळ्यावर आहेत हेच काकूंना माहीत नव्हतं, त्याही आल्या. एका होडीतला माणूस लांबूनच विचारत आला, “कुठल्या झाडाखाली म्हणालात?” आणि काकांनी, चौकशीला उत्तर द्यायचं ही पुन्हा नोकरीतलीच सवय, हात करून दाखवलं.

मासा वीतभरसुद्धा नव्हता. नियमाप्रमाणे तो परत सोडावा लागला.

काकू काही बोलल्या नाहीत. वल्हवताना नाही, बसमध्ये नाही, घरी आल्यावर नाही. त्या रागावल्या असत्या तर काकांनी बाजू मांडली असती. त्यांची बाजू तयार होती, मुद्द्यांसकट. संध्याकाळी दवाखान्यातून सिस्टरांचा फोन आला. बातमी तिथपर्यंत पोचली होती. काकूंनी फोन घेऊन फक्त एवढंच म्हटलं, “हो. जागा सगळ्यांना कळली.” आणि आत जाऊन दिवा मालवला.

पुढच्या रविवारी काकू तळ्यावर गेल्याच नाहीत. पहाटे उठल्या, चहा केला आणि खुर्चीत बसून गळाचं रीळ पुसत राहिल्या. स्वच्छ रीळ पुन्हा पुसत होत्या. काका समोर बसून पाहत होते. गेली कित्येक वर्षं हाच काकूंचा एक दिवस होता, आपल्याला सवड नव्हती म्हणून त्यांनी तो स्वतःसाठी उभा केला होता, आणि आपण एका सकाळीत तो घालवला, हे काकांना तेव्हा कळलं. न्हाव्याने नंतर समजूत काढली की त्या रविवारी तसंही काही मिळालं नसतं. रात्री गार पडायला लागल्या होत्या, वरचं पाणी गार होऊन खाली बसत होतं, तळाचं वर येत होतं, सगळं तळं ढवळून गढूळ झालं होतं आणि कुबट वास सुटला होता. अशा दिवसांत मासा तोंड उघडत नाही. काकांनी ऐकून घेतलं, पण त्यांना बरं वाटलं नाही.

मग त्यांनी ठरवलं की काकूंना नवी जागा शोधून द्यायची. शिकाऊ माणसाला एकट्याने होडीत जाता येत नाही, पण काठाने चालायला कुणाची परवानगी लागत नाही. काका रोज सकाळी तळ्याच्या काठाने हिंडायला लागले. पाणी कुठे निवळतंय, लव्हाळी कुठे दाट आहेत, कुठे मासे उसळ्या मारतायत, हे बघायचे. एके सकाळी लव्हाळ्याच्या एका टोकाशी त्यांना पाण्यावर भराभर वर्तुळं उठताना दिसली. नीट बघायला ते पुढे सरकले, चिखलावर पाय पडला आणि काका बसल्या बसल्या तळ्यात गेले. पाणी कमरेइतकंच होतं, पण काका बसलेले असल्यामुळे ते गळ्यापर्यंत आलं. पाणी गार होतं. वर यायला त्यांना बराच वेळ लागला, कारण ज्या लव्हाळ्याला धरावं ते उपटून हातात यायचं. मदतीसाठी त्यांनी हाका मारल्या. कुणी आलं नाही. मासा लागल्याचं सांगितलं असतं तर आले असते.

घरी येऊन त्यांनी काकूंना ती वर्तुळं दोनदा सांगितली आणि दुसऱ्या दिवशी काकांचा आवाज गेला. बसला वगैरे नाही, गेला. काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी बॅटरी लावून घशात पाहिलं आणि सांगितलं, “स्वरयंत्राला सूज आहे. बोलणं पूर्ण बंद. कुजबुजसुद्धा नाही. नाहीतर आवाज कायमचा फाटेल.”

“म्हणजे अजिबात बोलायचं नाही?” काकूंनी विचारलं.

“अजिबात नाही.”

काकूंच्या चेहऱ्यावर काळजी आली. ती खरी होती. पण तिच्या मागून आणखी काहीतरी येऊन गेलं, ते काय होतं हे काकांना नीट कळलं नाही. शनिवारी रात्री काकूंनी त्यांच्या उशाशी नारिंगी जॅकेट आणून ठेवलं.

“उद्या पहाटे निघू,” त्या म्हणाल्या. “तुम्ही ती जागा दाखवा.”

त्या रविवारी तळ्यावर धुकं होतं. धक्क्यावरच्या पाटीवर लिहिलं होतं: पाणी गार, वरखाली सारखं. मासे काठाला. शक्यता चांगली. काकू वल्ही घेऊन पुढे गेल्या होत्या. काका पाटीसमोर थांबले आणि सवयीने त्यांचे ओठ हलले. ‘गार’ हा शब्द बाहेर पडला. चांगला पडला, खणखणीत, गोल, जसा पडायला हवा तसा. काकांनी इकडेतिकडे पाहिलं. काकूंनी ऐकलं नव्हतं. काकांना इतका आनंद झाला की पळत जाऊन सांगावं. पण मग त्यांनी विचार केला की थोडं थांबू. होडीत बसल्यावर, चांगला मासा लागला की हळूच, कानाशी सांगू. एकदाच सांगू.

काकांनी बोटाने दिशा दाखवली, काकूंनी वल्हवलं. लव्हाळ्याच्या टोकाशी होडी उभी केली, दोघांनी गळ टाकले. धुक्यात दुसरी एकही होडी दिसत नव्हती.

“मासे पळत नाहीत,” काकू म्हणाल्या.

काकांनी मान वळवली.

“बोलण्याने. त्यांना काही ऐकू जात नाही. सिस्टर आणि मी सबंध सकाळ बोलतो.” त्या पाण्याकडे बघत होत्या. “मला वाटलं, तुम्ही होडीतही बोलायला लागलात तर मग मला कुठे जागा उरणार?”

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“आता तुम्हाला डॉक्टरांनीच सांगितलंय, म्हणून बोलते. स्वयंपाकघराचा हिरवा रंग मला कधीच आवडला नाही. तुम्ही एवढा वर्णन करून सांगितलात, की मला वाटलं मीच निवडला. आणि मी मोठा मासा धरला होता एकदा. कप मिळाला. सिस्टरांच्या कपाटात आहे.”

हे असं सुरू झालं. काकू घाईने बोलत नव्हत्या. वाचनालयात त्यांना मुख्य करणार होते, त्या नको का म्हणाल्या ते त्यांनी सांगितलं. मुलगा गावाला गेला तेव्हा त्या किती दिवस त्याच्या खोलीत जाऊन बसायच्या, ते सांगितलं. बसस्थानकाचा कर्णा घरापर्यंत ऐकू यायचा, काकांच्या गाड्यांवर त्या कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या आणि एखाद्या दिवशी दुसऱ्याच कुणाचा आवाज आला की त्यांचं कशात लक्ष लागायचं नाही, हेही सांगितलं. काका ऐकत होते. इतकं सलग ऐकायची त्यांना सवय नव्हती, आणि मधे मधे काहीतरी म्हणायला त्यांचा जीव नुसता कासावीस होत होता.

“मला गाठ आली होती,” काकू म्हणाल्या. “काखेत. तुम्हाला माहीत नाही. सिस्टर घेऊन गेल्या तपासायला. त्या दिवशी मी तुम्हाला सांगायला बाहेर आले होते. तुमच्याकडे नवा मायक्रोफोन आला होता, त्याचं तुम्ही सांगत होतात. म्हटलं, हे संपलं की सांगू.” त्या जराशा हसल्या. “ते संपलं नाही.”

नेमकी तेव्हाच काकांची काठी वाकली.

हा वीतभर मासा नव्हता. काठीचं टोक पाण्यात गेलं आणि होडी त्या बाजूला हळूच फिरायला लागली. असा मासा तळ्यात वर्षात एखाद्यालाच लागतो आणि ज्याला लागतो त्याच्या पाठीवरची शिकाऊ अक्षरं त्याच दिवशी पुसली जातात. जाळी काकूंच्या बाकाखाली होती. ‘जाळी’ एवढा एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो घशात तयार होता.

“आठ दिवस रिपोर्टची वाट बघितली,” काकू सांगत होत्या. “रोज रात्री तुम्ही झोपल्यावर उठून बसायचे. मेले तर ह्यांना चहा कोण करून देईल, असले विचार. आपलं काही सांगायचं राहून जाईल, असंही वाटायचं. मग रिपोर्ट आला, काही निघालं नाही. काही निघालं नाही म्हटल्यावर सांगण्यासारखंही काही उरलं नाही. म्हणून राहिलं.”

काकांनी अंगठ्याने रिळाचा खटका सोडला. दोरी सरसर बाहेर गेली, संपली, क्षणभर ताणून राहिली आणि तुटली. काठी सरळ झाली. काकांना समोरचं नीट दिसेना, आणि ते सगळंच काही धुकं नव्हतं.

“काय झालं? लव्हाळ्यात अडकला का?” काकूंनी विचारलं.

काकांनी मान हलवून हो म्हटलं. मग त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि काकूंचा वल्ह्यावरचा हात धरला. काकूंनी तो काढून घेतला नाही. त्या एका हाताने गळ सांभाळत बोलत राहिल्या. धुकं विरून ऊन आलं तरी त्या बोलतच होत्या.

दुपारी धक्क्याला होडी बांधताना काकूंनी विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले होते हो, तुमचा आवाज कधीपर्यंत येईल?”

काकांनी हात लांब केला आणि दूर, तळ्याच्या न दिसणाऱ्या काठापर्यंत नेला. अजून पुष्कळ वेळ आहे.

“बरं झालं,” काकू म्हणाल्या. “अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय. पुढच्या रविवारी जरा लवकर निघू.”